भय आणि भयाची सजावट

तंजावूर, म्हणजे आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्याला तंजावर म्हणत आलो ते शहर, मी आजवर दोनदा पाहिले आहे. दोन्ही खेपांना तेथील राजवाड्यात हिंडलो आणि दोन्ही खेपांना मला भय वाटले. परंतु ही दोन भये इतक्या निराळ्या जातीची होती की, त्यांना एकच शब्द लावावा की नाही असा मला प्रश्न पडला. आजच्या भाषणाचा विषय भयपट हा आहे. एखादा भयपट आपल्याला खरोखर भिववितो आणि दुसरा नुसती भयाची हवा निर्माण करून थांबतो, असे का व्हावे? याचा विचार करताना मला चित्रपटगृहापेक्षा तो राजवाडाच अधिक आठवत राहिला. तेव्हा त्याच्याच आधाराने चार गोष्टी सांगतो.

पहिल्या खेपेस मी नोकरीत नुकताच लागलो होतो. सोबत तीन-चार मित्र होते आणि एक वाटाड्या होता. वाटाड्या आपल्या कामात मुरलेला. राजवाड्याची वास्तूही त्याला साथ देणारी. नायक राजांनी आरंभिलेली आणि भोसल्यांनी वाढविलेली ती इमारत. उंच मनोरे, एकामागून एक येणाऱ्या कमानी, भिंतींवरून सुटणारे चुन्याचे पोपडे, वटवाघळांचा उग्र दर्प, आणि भरीस भर म्हणून एका ठिकाणी मांडून ठेवलेला देवमाशाचा अजस्र सांगाडा. एका अंधाऱ्या जिन्याशी येताच वाटाड्याने आवाज खाली आणला. येथून भुयार निघते, ते थेट बृहदीश्वराच्या देवळाखाली जाते, त्यात उतरलेला माणूस कधी परतला नाही, असे त्याने सांगितले. नेमका त्याच क्षणी कमानीवरचा पारवा फडफडला आणि आम्हा सर्वांच्या अंगावर काटा उभा राहिला. मग आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. रात्री खाणावळीत केळीच्या पानावर यथेच्छ जेवलो आणि सकाळपर्यंत गाढ झोपलो.

दुसरी खेप सुमारे वीस वर्षांनी घडली. या वेळी वाटाड्या नव्हता. मधल्या काळात तंजावरच्या इतिहासाचे थोडेबहुत वाचन झाले होते. वेळ भर दुपारची. चौकात लख्ख ऊन पडले होते, शाळेची मुले रांगेने चालली होती, कोपऱ्यात कोणीतरी डबा उघडून दहीभात खात होते. अंधार नाही, भुयार नाही, पारवाही फडफडला नाही. तरीही त्या चौकात उभा असताना माझे हातपाय गार झाले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. कशामुळे, ते पुढे सांगतो. तत्पूर्वी या दोन भयांतला भेद शास्त्राने कसा ओळखला आहे, ते पाहू.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाची कारणे सांगितली आहेत. त्या यादीत विकृत आवाज आहेत, भुताखेतांचे दर्शन आहे, कोल्हे आणि घुबडे आहेत, ओसाड घर आणि अरण्य आहे. आजचा कोणताही दिग्दर्शक भयपट काढावयास निघाला तर हीच सामग्री जमवील. पण भरताची यादी येथे संपत नाही. आपल्या माणसाचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे, किंबहुना त्याविषयी नुसते बोलणे निघणे, हेही त्याने भयाचे कारण म्हणून त्याच दमात सांगितले आहे. पुढे त्याने भयानकाचे तीन प्रकार केले: व्याजाने म्हणजे सोंगाने उत्पन्न होणारे, अपराधातून उत्पन्न होणारे आणि प्रत्यक्ष धास्तीने उत्पन्न होणारे. नंतरच्या आलंकारिकांनी विभावाचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन भाग पाडले. ज्याच्यामुळे भाव जन्मतो ते आलंबन. जन्मलेल्या भावाला जे फुंकर घालते ते उद्दीपन. ओसाड घर, घुबडाचा घूत्कार, मावळता दिवा ही सारी उद्दीपने होत. निखारा असेल तर फुंकरीने ज्वाळा उठेल. निखाराच नसेल तर कितीही फुंकले तरी राखच उडावयाची.

वातावरणावर उभे राहणारे चित्रपट आणि खरोखर भिवविणारे चित्रपट यांतला फरक मला येथेच दिसतो. 1949 साली आलेला कमाल अमरोही यांचा ‘महल’ आठवा. ओसाड हवेली, हलणारा झोपाळा, घड्याळाचे ठोके आणि दुरून ऐकू येणारा लता मंगेशकरांचा स्वर! वातावरणनिर्मितीचा याहून सुंदर नमुना आपल्याकडे क्वचितच सापडेल. पण त्या चित्रपटातून बाहेर पडलेला प्रेक्षक गाणे गुणगुणत बाहेर पडला, दाराची कडी दोनदा तपासत नाही. आणि शेवटी उलगडा काय होतो? तर भूत नव्हतेच. माळ्याच्या मुलीने सोंग घेतले होते. भरताच्या भाषेत हे व्याजजन्य भय. याउलट 1960 सालचा हिचकॉकचा ‘सायको’ पाहा. त्यातही टेकडीवरचे काळेकभिन्न घर आहेच. परंतु जगभरच्या प्रेक्षकांच्या काळजात जे भय रुतले, ते त्या घराचे नव्हे. दिव्याच्या स्वच्छ उजेडातल्या पांढऱ्याशुभ्र न्हाणीघराचे. घर दुरूनच भयाण दिसत होते, त्यामुळे आपण सावध होतो. न्हाणीघर आपल्याच घरातले होते.

आता तंजावरशी थेट नाते सांगणारा एक चित्रपट घेऊ. 1993 साली फाझिल यांनी मल्याळम भाषेत ‘मणिचित्रत्ताळ’ हा चित्रपट काढला. या शब्दाचा अर्थच मुळी नक्षीदार कुलूप असा आहे. केरळातल्या एका जुन्या वाड्यात एक खोली कुलूपबंद आहे. त्या घराण्याच्या पूर्वीच्या कर्त्या पुरुषाने तंजावरहून नागवल्ली नावाची नर्तकी आणून ठेवली होती आणि तिचे मन दुसऱ्यावर जडलेले पाहून तिचा जीव घेतला, अशी त्या खोलीची कथा. त्या घराण्यातला तरुण आपल्या पत्नीसह, गंगेसह, वाड्यात राहावयास येतो, कुलूप उघडले जाते आणि घरात विपरीत गोष्टी घडू लागतात. तंजावरची नर्तकी केरळात जाणे ही केवळ कथालेखकाची कल्पना नव्हे. तंजावर दरबारचे प्रसिद्ध चार नट्टुवनार बंधू चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांपैकी वडिवेलू हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास गेले होते. कलावंत ज्या वाटेने गेले, त्या वाटेने त्यांची दुःखेही गेली असणार.

या चित्रपटात जुना वाडा आहे, नूपुरांचा आवाज आहे, मांत्रिकही आहे; उद्दीपनांची उणीव नाही. परंतु त्याचे मर्मस्थान निराळे आहे. शोभना या अभिनेत्रीने रंगविलेली गंगा ही हसरी, लाघवी, घरात सर्वांना हवीशी वाटणारी सून. बाहेर जाण्याच्या एका क्षुल्लक गोष्टीवरून नवरा तिला अडवतो, आणि साध्या निजण्याच्या खोलीत, बोलता बोलता तिची नजर बदलते, आवाज बदलतो आणि भाषाही बदलते. ती तमिळ बोलू लागते. भूत म्हणून काहीच समोर येत नाही. जी आपली होती ती आपली राहिली नाही, एवढेच घडते. भरताने सांगितलेले स्वजनाचे बंधन ते हेच. फक्त बांधणारा बाहेर दिसत नाही, तो तिच्याच मनात आहे.

या कथेची पुढे अनेक भाषांत रूपांतरे झाली. 2005 साली पी. वासू यांनी तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ केला. पण तमिळ प्रेक्षकाला तमिळ बोलणारी नर्तकी परकी कशी वाटणार? तेव्हा ती तेलुगू बोलू लागली. 2007 साली प्रियदर्शन यांनी हिंदीत ‘भूलभुलैया’ केला, तेथे ती बंगाली झाली. गाव बदलले, वाडा बदलला, राजा बदलला. कायम राहिली ती एकच गोष्ट. ओळखीच्या तोंडून अनोळखी भाषा आली पाहिजे. या कथेचे आलंबन कोठे आहे, हे रूपांतरकारांनी अचूक ओळखले होते.

दोन्ही प्रकारांची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा. निव्वळ वातावरणावर उभा असलेला भयपट दुसऱ्या खेपेस निष्प्रभ होतो. दार कधी करकरणार, पारवा कधी फडफडणार हे ठाऊक झालेले असते. खरा भयपट दुसऱ्या खेपेस अधिक भिववितो. गंगेच्या मनात काय चालले आहे हे कळल्यानंतर तिचे पहिल्या प्रसंगातले निर्मळ हसूही आपल्याला सोसत नाही. माहितीने जे भय कमी होते ते सजावटीचे. माहितीने जे वाढते ते खरे. माझ्या तंजावरच्या दोन खेपांत हेच घडले. भुयाराचे भय दुसऱ्या वेळी उरले नाही. परंतु पहिल्या वेळी ज्या चौकातून मी शीळ घालीत गेलो होतो, तेथे दुसऱ्या वेळी पाऊल उचलवेना.

त्या राजवाड्याचा इतिहास असा आहे. 1673 साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावरवर स्वारी केली. तंजावरच्या गादीवर वृद्ध विजयराघव नायक होता. पराभव अटळ दिसू लागला तेव्हा अंतःपुरातल्या स्त्रिया शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून, राजाच्याच आज्ञेने, ते अंतःपुर दारूने उडवून देण्यात आले आणि राजा व राजपुत्र लढता लढता पडले, असा वृत्तांत तेलुगू बखरीत आला आहे. ज्याने रक्षण करावयाचे त्याचीच ती आज्ञा, आणि तीही मायेपोटी दिलेली. त्या स्त्रियांनी काय म्हटले, हे बखरकाराला सांगण्याचे कारण पडले नाही. कोणत्याही चित्रपटाच्या पटकथेत याहून भीषण प्रसंग असेल असे मला वाटत नाही. आणि त्यात भूत नाही, पिशाच नाही, घुबडही नाही.

याच वृत्तांतात पुढे असे आहे की, चेंगमलदास नावाचे एक राजवंशीय मूल दाईने वाचविले आणि नागपट्टणला नेऊन वाढविले. त्याला गादीवर बसवावे म्हणून विजापूरच्या आदिलशहाकडे गाऱ्हाणे गेले आणि शहाने या कामगिरीवर ज्या सरदाराला पाठविले तो शहाजीराजांचा पुत्र, शिवछत्रपतींचा सावत्र भाऊ व्यंकोजी. कामगिरी फत्ते झाली. परंतु थोड्याच काळात, 1675-76 च्या सुमारास, गादीवर ते मूल नव्हते, व्यंकोजीराजे होते. तंजावरचे मराठी राज्य ते हेच. पुढे त्या राज्याने विद्येची आणि कलेची केवढी सेवा केली हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. शहाजीराजांच्या काळात तेथे मराठी नाटके लिहिली गेली. सर्फोजीराजांनी सरस्वतीमहाल ग्रंथालय नावारूपास आणले. भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. पण त्या दुपारी चौकात उभा असताना माझ्या मनात आले की, ज्या मुलाला न्याय द्यावयास आपण आलो, त्याचे पुढे काय झाले, हे आपण कधी विचारले? अभिमानाने पाहत होतो तोवर वास्तू सुंदर होती. हा प्रश्न मनात येताच तिचे रूप पालटले. हे भरताने सांगितलेले अपराधजन्य भय. घरात पूर्वी घडलेला आणि कोणी न फेडलेला अन्याय हा बहुतेक सर्व चांगल्या भयकथांचा पाया असतो. आपल्या मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ 2017 साली चित्रपटगृहांत आला. त्यातही भर दुपारच्या उसाच्या फडात जे मागे लागते, ते मुळात जन्मू न दिलेल्या मुलींचे पाप आहे. ऊस हे उद्दीपन आहे. पाप हे आलंबन.

तंजावरच्या कथेचा तिसरा अंक इंग्रजी अमदानीतला. 1799 च्या तहाने सर्फोजीराजांकडे किल्ला आणि राजवाडा एवढेच उरले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे 1855 साली पुत्रसंतान नसता वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राज्य गेले ते गेलेच. पण नंतर कमिशनर फोर्ब्ज शिपाई घेऊन राजवाड्यात आला आणि राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. कोठ्यांना मोहोरा लागल्या, दारांवर पहारे बसले. पडद्यात वाढलेल्या राण्या आत होत्या. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि तेथे त्यांच्या बाजूने निवाडा झाला. परंतु 1859 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. सार्वभौम सत्तेने राजसत्ता म्हणून केलेल्या कृतीचा न्याय-अन्याय पाहण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे त्याचे तात्पर्य होते. खासगी मिळकत राण्यांना परत मिळाली ती 1862 साली, आणि तीही हक्क म्हणून नव्हे.

येथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगणे भाग आहे. तंजावरच्या पहिल्या सहलीनंतर वर्षा-दोन वर्षांनी एका तालुक्याच्या गावी एका मयत इसमाच्या वाड्याला सील लावण्याचे काम माझ्याकडे आले. वारसाचा तंटा होता, हुकूम रीतसर होता. कारकून, दोन पंच, लाखेची कांडी आणि पितळी मोहोर एवढ्या सामग्रीनिशी मी गेलो. याद्या झाल्या, कुलपे लागली, लाख ओतली गेली. मयताची वृद्ध विधवा इतका वेळ ओसरीवर गप्प बसून होती. शेवटच्या खोलीला मोहोर लागल्यावर ती पुढे आली आणि म्हणाली, “साहेब, देव आत राहिले. संध्याकाळी दिवा कुठे लावू?” मी यादी पाहिली. ‘पितळी मूर्ती लहान, नग पाच’ अशी नोंद बरोबर होती. मी तिला म्हटले, “काळजी करू नका आजी, यादीत नोंद झाली आहे.” तिने माझ्याकडे एकवार पाहिले आणि ती दोन पावले मागे सरली. त्या क्षणापर्यंत मला पाहून कोणी मागे सरल्याचे मला माहीत नव्हते.

मी काही बेकायदा केले नव्हते. आवाजही चढविला नव्हता. दुपारची वेळ होती आणि ओसरीवर स्वच्छ ऊन पडले होते. पुढे बदली झाली, ती गोष्ट मागे पडली. कामाक्षीबाईंच्या खटल्याची हकीकत वाचनात आली तेव्हाही मी ती कायद्याचा अभ्यासक म्हणूनच वाचली. परंतु तंजावरच्या त्या चौकात, एका बंद दाराला लावलेले साधे सरकारी कुलूप पाहताना, मला एकदम कळले की या कथेत मी राण्यांच्या बाजूला उभा नाही. मोहोर ज्याच्या हातात आहे तो मी आहे.

त्याच दिवशी मी सरस्वतीमहालाचे छोटेखानी संग्रहालयही पाहिले होते. तेथे चिनी शिक्षाप्रकारांची जुनी चित्रे लावलेली आहेत. त्यांत वटवाघूळ नाही की भुयार नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाला काय करू शकतो एवढेच आहे. शेजारी एक कुटुंब उभे होते. आईने मुलाचे डोळे झाकले. भुयाराच्या जिन्यावर त्याच आईने कदाचित त्याला उचलून दाखविले असते. कोणते भय खेळातले आणि कोणते खरे, हे त्या माउलीला शास्त्र न वाचताही ठाऊक होते.

वातावरणाची मी निंदा करतो आहे असा मात्र गैरसमज नसावा. अंधार, पाऊस, करकरणारे दार यांचा आनंद मीही लुटतो. भीतीचा तो एक खेळ आहे आणि खेळ म्हणून तो निर्मळ आहे. माझे म्हणणे इतकेच की, जो दिग्दर्शक नुसत्या अंधारावर विसंबतो तो प्रेक्षकाला सुरक्षित ठेवतो. प्रेक्षक इकडे, भूत तिकडे. खरा भयपट हे अंतर नाहीसे करतो. जे माझे आहे ते परके होऊ शकते, हे तो प्रथम दाखवितो. आणि त्याहून मोठ्या ताकदीचा असेल तर आणखी एक पाऊल पुढे जाऊन दाखवितो की, मीही कोणाच्या तरी दारातले ते परके माणूस असू शकतो. पहिल्या भयाने आपण दाराला कडी घालतो. दुसऱ्या भयावर कडीचा उपाय चालत नाही.

त्या म्हातारीच्या देवांना पुढे कधी दिवा लागला, हे मी कधी चौकशी करून पाहिले नाही. तंजावरहून परतल्यावर मात्र मी एक नियम पाळू लागलो. सील लावण्याचा हुकूम हाती आला की याद्या करण्यापूर्वी मी घरातल्या माणसांना विचारतो, “आतून काय बाहेर काढून ठेवू?” या प्रश्नाची फॉर्मात जागा नाही. तरीही मी तो विचारतो. आणि उत्तर येईपर्यंतच्या त्या दोन-चार क्षणांत मला तंजावरचा तो उन्हातला चौक हटकून आठवतो.